वर्गाच्या मागच्या बाकावर बसणाऱ्यांचं ट्रेनिंग

शाळेत शिक्षक असतात हे सगळ्यांना माहिती, पण त्या शिक्षकांना नोकरी लागल्यानंतर मदत करायला, ट्रेनिंग द्यायला, वर्गात येऊन तास बघायला जी माणसं असतात त्यांच्याबद्दल फार कोणी बोलत नाही. आणि नावं तरी किती. जिल्ह्यात केंद्रप्रमुख, विषय साधनव्यक्ती, डाएटचे म्हणजे जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेचे अधिव्याख्याते, ट्रेनिंगच्या हॉलमध्ये माइक घेऊन उभे असतात ते सुलभक नाहीतर तज्ज्ञ मार्गदर्शक, मुंबईत महापालिकेच्या शाळांना बीट ऑफिसर (बीट म्हणजे एका अधिकाऱ्याकडे दिलेल्या शाळांचा गट), शहर साधन केंद्रातली मंडळी, वेगवेगळ्या संस्थांकडून येणारे मेंटॉर आणि कोच, प्रायव्हेट शाळेत कोऑर्डिनेटर किंवा सुपरवायझर मॅडम. पदं वेगळी, पगार तर फारच वेगळे, पण कामाचा गाभा एकच, आधीपासून शिकवत असलेल्या मोठ्या माणसाला अजून चांगलं शिकवता यावं म्हणून मदत करायची.

आता प्रश्न असा की हे काम करणारा माणूस स्वतः हे काम कुठे शिकतो? मी मुंबईत ह्याच कामात आहे, आणि माझं स्पष्ट मत आहे की बहुतेक जण कुठेच शिकत नाहीत, त्यांना कोणी शिकवतच नाही. चांगला शिक्षक दिसला की त्याला उचलून ट्रेनर करतात. सोमवारी तिसरीच्या वर्गात होता तो माणूस पुढच्या सोमवारी चाळीस शिक्षकांसमोर पीपीटी घेऊन उभा असतो आणि सगळे धरून चालतात की मुलांना छान शिकवतो म्हणजे मोठ्यांनाही शिकवेलच. हे इतकं सोपं नाही, का नाही ते जरा सविस्तर सांगतो.

आधी थोडी पार्श्वभूमी. नोकरीत असलेल्या शिक्षकाला शिकत राहायला हवं ही कल्पना आपल्याकडे काल आलेली नाहीये. कोठारी आयोगाने १९६४-६६ मध्येच म्हटलं होतं की दर पाच वर्षांच्या नोकरीत प्रत्येक शिक्षकाला दोन ते तीन महिन्यांचं सेवांतर्गत प्रशिक्षण मिळायला हवं. मग १९८६ च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातून डाएट आल्या, नव्वदच्या दशकात डीपीईपी म्हणजे जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रमातून गट आणि समूह पातळीवर साधन केंद्रं उभी राहिली, सर्व शिक्षा अभियानाने ती देशभर नेली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये निष्ठा हे देशभरातल्या शिक्षकांसाठीचं सरकारी ट्रेनिंग सुरू झालं, टार्गेट होतं सुमारे ४२ लाख शिक्षक आणि मुख्याध्यापक, कोविड आल्यावर २०२० मध्ये तेच दीक्षा ह्या सरकारी पोर्टलवर ऑनलाइन गेलं. त्याच वर्षीच्या नव्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात लिहिलंय की प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास स्वतःच्या व्यावसायिक विकासाला द्यायचे. मेंटॉरिंगसाठी राष्ट्रीय मिशनचाही उल्लेख त्यात आहे.

५० तास ही चांगली गोष्ट आहे, मी तिच्या बाजूनेच आहे. पण तास मोजले जातात ते शिक्षकाचे. त्या तासांमध्ये समोर कोण उभं राहणार, त्याची तयारी किती, त्याला त्या तयारीसाठी किती वेळ मिळाला, ह्याची नोंद कुठल्या फॉर्ममध्ये नसते.

मोठी ट्रेनिंग्ज आपल्याकडे बहुतेक वेळा टप्प्याटप्प्याने होतात. राष्ट्रीय पातळीवर काही जण तयार होतात, ते राज्याच्या साधनव्यक्तींना तयार करतात, ते पुढे जिल्हा नाहीतर तालुक्याला, आणि तिथून शिक्षकांपर्यंत. चाळीत लाइनीतल्या शेवटच्या नळाला पाणी पोचेपर्यंत धार बारीक झालेली असते तसं इथे होतं. पहिल्या टप्प्यावर चार दिवस चर्चा झालेली असते, शंका निघालेल्या असतात, वाद झालेले असतात, आणि चौथ्या टप्प्यावर पोचते ती फक्त पीपीटी, कारण पीपीटी पेनड्राइव्हवर जाते आणि वाद जात नाही. यात मधल्या माणसाचा आळस असतो असं मला अजिबात वाटत नाही. त्याला जे मिळालं ते त्याने पुढे दिलं. त्याला विषयाचा मजकूर मिळाला, पण मोठ्या माणसांबरोबर तो विषय कसा उलगडायचा हे मिळालंच नाही.

आणि मोठी माणसं ही वेगळीच गोष्ट आहे. आठ वर्षांच्या मुलाला तुम्ही काही सांगितलं तर तो ते पहिल्यांदा ऐकत असतो. वीस वर्षं शिकवलेल्या बाईंना तुम्ही काही सांगता तेव्हा त्यांच्याकडे आधीच एक पद्धत असते, ती त्यांनी घासून घासून बनवलेली असते, त्यातून काही मुलं शिकलेलीही असतात, आणि तुम्ही नवीन काही सुचवता म्हणजे न बोलता त्यांच्या वीस वर्षांवर बोट ठेवता. त्या गप्प बसतील, हो म्हणतील, वहीत लिहूनही घेतील. उद्या वर्गात मात्र जुनंच करतील, आणि त्यात त्यांचं काही चुकतं असं नाही कारण जुनं चालतं हे त्यांना माहितीये, नवीन चालेल की नाही ते माहिती नाही आणि समोर चाळीस-पन्नास मुलं बसलेली आहेत. शिवाय आपल्याकडे काही ट्रेनिंग्ज पगाराला जोडलेली आहेत, १२ वर्षांनंतरची वरिष्ठ वेतनश्रेणी, २४ वर्षांनंतरची निवड श्रेणी. तिथे हॉलमध्ये बसलेल्या बऱ्याच जणांना सर्टिफिकेट हवं असतं आणि ते हवं असणं पूर्ण योग्य आहे, हक्काचं आहे. पण ट्रेनरला त्या हॉलमध्ये काय करायचं हे कोणी शिकवलेलं नसतं, मग तो एकतर भाषण देतो नाहीतर गाणी-खेळ घेऊन वेळ काढतो.

इंग्लंडमध्ये एक अभ्यास झाला होता, २००५ चा, जीन मरे आणि ट्रेव्हर मेल ह्यांचा. शाळेतली नोकरी सोडून शिक्षक घडवण्याच्या कामात आलेल्या २८ लोकांशी ते बोलले. ही मंडळी शाळेत चांगली मुरलेली, अनुभवी. तरीही नव्या भूमिकेत स्थिर व्हायला त्यांना दोन ते तीन वर्षं लागली, अनुभव दांडगा असूनही सुरुवातीला आपण नवशिके आहोत असं त्यांना वाटत राहिलं. मुलांना शिकवणं ही पहिली पायरी, शिकवण्याबद्दल शिकवणं ही दुसरी, आणि पहिलीवरून दुसरीवर माणूस आपोआप चढत नाही, असा त्याचा अर्थ. आपल्याकडे ज्याला बोटाला धरून कालच ट्रेनर केलाय त्याला आपण दोन वर्षं सोडा, दोन आठवडेही देत नाही.

आता प्रत्यक्ष वर्गात जाऊ, कारण त्याशिवाय हे सगळं हवेत राहील.

समजा गोवंडीतली एक शाळा, तिसरीचा वर्ग, हातच्याची वजाबाकी चालू आहे. टीचर फळ्यावर ५२ वजा २७ करून दाखवतात, पद्धत बरोबर, अक्षर सुंदर, मध्ये मध्ये विचारतात "समजलं का?" आणि सगळा वर्ग एका सुरात "होऽऽऽ". मेंटॉर मागच्या बाकावर बसून बघतेय. तास संपतो. आता बोलायचं.

एक प्रकारचं बोलणं असं होतं. "छान झाला हं टीचर तास. फक्त शैक्षणिक साहित्य थोडं जास्त वापरा आणि मुलांचा सहभाग वाढवा." टीचर म्हणतात, "हो मॅडम, नक्की." संपलं. दोघींनी एकमेकींचा मान ठेवला, रजिस्टरमध्ये भेटीची नोंद झाली आणि त्या वर्गातल्या एकाही मुलाला काडीचा फायदा झाला नाही. साहित्य वापरा म्हणजे कुठलं, कधी, कशासाठी? सहभाग वाढवा म्हणजे उद्या सकाळी नेमकं काय वेगळं करू? हे वाक्य कुठल्याही तासाबद्दल, कुठल्याही विषयाबद्दल, वर्गात न बसताही बोलता आलं असतं.

दुसऱ्या प्रकारात मेंटॉर तास चालू असताना उठून मुलांच्या वह्या बघत फिरलेली असते. ती एक वही घेऊन येते.

"टीचर, ही बघा ना जरा. ५२ वजा २७, ह्याने ३५ लिहिलंय. काय झालं असेल हो?"

"हातचा विसरला. नेहमीचंच आहे त्याचं."

"हं. खालचं बघूया? ६४ वजा २८."

"४४... परत विसरला."

"आणि हे तिसरं, ३८ वजा १५?"

"२३. हे बरोबर आहे." मग टीचर जरा थांबतात, वही जवळ ओढतात. "थांबा हं. सातातून दोन गेले पाच. आठातून चार गेले चार. हा विसरत नाहीये मॅडम. वरचा आकडा कुठला, खालचा कुठला ते बघतच नाहीये, मोठ्यातून लहान काढून मोकळा होतोय."

मेंटॉर काही बोलत नाही.

"म्हणजे मी त्याला रोज हातचा विसरू नको, हातचा विसरू नको सांगते, आणि त्याला हातचा लागतच नाहीये!"

"मग उद्या काय करून बघाल त्याच्याबरोबर?"

"काड्या देते. पाच गठ्ठे आणि दोन सुट्या, आणि सांगते मला त्यातल्या सत्तावीस दे. गठ्ठा सोडल्याशिवाय देताच येणार नाही त्याला."

"अजून कोणाकोणाचं असं आहे ते बघायचं का? मी ह्या बाजूच्या वह्या घेते."

हे बोलणं दहा मिनिटांत होतं. काड्यांचे गठ्ठे म्हणजे शैक्षणिक साहित्यच आहे, पहिल्या मेंटॉरनेही तेच सुचवलं होतं. पण इथे टीचरना माहितीये की कुठल्या मुलासाठी, कुठल्या चुकीसाठी, आणि ते त्यांचं त्यांनी ठरवलंय. म्हणून ते उद्या होणार.

आता ह्या मेंटॉरला काय काय येत होतं ते मोजा. वजाबाकीत मुलं कुठल्या कुठल्या प्रकारे चुकतात हे तिला माहिती होतं, म्हणून तिने त्या तीन गणितांकडे बोट दाखवलं, तिसरं बरोबर आलेलं मुद्दाम दाखवलं, कारण त्याच्याशिवाय पॅटर्न दिसत नाही. तिने फळ्यापेक्षा वह्या जास्त बघितल्या. तिला उत्तर माहिती असूनही ती बोलली नाही, ही फार अवघड गोष्ट आहे, विशेषतः जो स्वतः चांगला शिक्षक होता त्याच्यासाठी, कारण चांगल्या शिक्षकाला समजावून सांगायची ओढ असते. आणि ती गप्प राहिली तेव्हा टीचरना ते अपमानास्पद वाटलं नाही, म्हणजे तेवढं नातं आधीच तयार होतं. ह्यातलं काहीही पीपीटीतून येत नाही. गप्प कसं राहायचं ह्यावर तुम्ही एक तास भाषण ऐकलंत तरी पुढच्या भेटीत तुम्ही बोलणारच.

मेरी बड रो नावाच्या अमेरिकन संशोधक होत्या, सत्तरच्या दशकात त्यांनी वर्गांची रेकॉर्डिंग्ज ऐकून दाखवून दिलं की शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी एक सेकंदभरच थांबतात. तेच तीन सेकंद किंवा जास्त थांबले की मुलांची उत्तरं लांब होतात, जास्त मुलं बोलतात. माझ्या अनुभवात मेंटॉरचंही अगदी हेच होतं. प्रश्न विचारतात आणि टीचर विचार करायच्या आत स्वतःच उत्तर देतात.

मग हे शिकायचं कसं? माझ्या मते सगळ्यात उपयोगी आणि सगळ्यात स्वस्त गोष्ट म्हणजे स्वतःचं बोलणं रेकॉर्ड करून ऐकणं. टीचरची परवानगी घ्यायची, स्पष्ट सांगायचं की रेकॉर्डिंग माझ्या शिकण्यासाठी आहे, तुमच्या तपासणीसाठी नाही, ऐकून झालं की डिलीट करीन, आणि खरंच करायचं. मग घरी जाताना ट्रेनमध्ये इयरफोन लावून ऐकायचं. किती वेळ मी बोललो, किती वेळ त्या? मी विचारलेल्यांपैकी किती प्रश्न खरे होते आणि किती प्रश्नाचा वेष घातलेले सल्ले होते, म्हणजे "तुम्हाला नाही वाटत का की साहित्य वापरायला हवं होतं?" असले? त्या कुठे काहीतरी महत्त्वाचं बोलायला लागल्या आणि मी तोडलं? पहिल्यांदा ऐकताना कानाला फार लागतं. पण दोन-चार रेकॉर्डिंगमध्ये बदल जाणवायला लागतो.

दुसरी गोष्ट, कोणीतरी मेंटॉरला बघायला यायला हवं. म्हणजे मेंटॉर टीचरशी बोलतेय तेव्हा तिसऱ्या माणसाने बाजूला बसून ऐकायचं आणि नंतर मेंटॉरशी तशाच पद्धतीने बोलायचं, वही समोर ठेवून, निवाडा न देता. शिक्षकाच्या वर्गात आपण बिनदिक्कत जाऊन बसतो पण आपल्या संवादात कोणी येऊन बसलं तर आपल्याला कसंतरी होतं, आणि ते तसं होणं अनुभवल्याशिवाय टीचरला काय वाटत असेल हे कळत नाही. संस्थांमध्ये ह्याला शॅडोइंग म्हणतात, काही ठिकाणी चांगलं चालतं. सरकारी व्यवस्थेत त्यासाठी माणूसच नाही, एका बीट ऑफिसरच्या मागे शाळा, कागद, मीटिंगा, माहिती आजच्या आज पाठवा, हे सगळं असतं. पण दोन शेजारच्या बीटमधल्या लोकांनी एकमेकांसाठी हे केलं तर वेगळा माणूस लागणार नाही.

तिसरी गोष्ट स्वतः शिकवत राहणं. जी मेंटॉर पाच वर्षं वर्गात उभी राहिलेली नाही तिच्या सल्ल्यातून हळूहळू मुलं गायब होतात, राहतात फक्त पद्धती. अधूनमधून तोच पाठ, त्याच वर्गात, त्या टीचरच्या समोर घ्यायला हवा. डेमो म्हणून नको, डेमोत सगळं आधी ठरवलेलं असतं आणि टीचरना वाटतं की ह्यांना काय, एक दिवस यायचं असतं. बरोबर मिळून घ्यायचा, अर्धा तुम्ही अर्धा त्यांनी, आणि फसला तर दोघांनी मिळून बसून बघायचं कुठे फसला.

ह्याबद्दल पुरावा काय आहे? कोचिंगवरचा, म्हणजे शिक्षकाला अशी वर्गात जाऊन मदत करण्यावरचा, बराच अभ्यास अमेरिकेत झालाय. क्राफ्ट, ब्लेझर आणि होगन ह्यांनी २०१८ मध्ये ६० अभ्यासांचे निकाल एकत्र करून बघितले, शिकवण्यात चांगलाच फरक दिसला आणि मुलांच्या शिकण्यातही दिसला, पण एक इशारा त्यातच होता: कार्यक्रम जसा मोठा होतो, शिक्षकांची संख्या वाढते, तसा परिणाम कमी होतो. आपल्यासारख्या देशाने हे वाक्य भिंतीवर लावून ठेवायला हवं. शंभर शाळांसाठी चांगले कोच शोधून तयार करता येतात, दहा हजार शाळांसाठी कोच कुठून आणणार आणि त्यांना तयार कोण करणार, हा खरा प्रश्न आहे.

पण मला जास्त जवळचा वाटतो तो दक्षिण आफ्रिकेतला प्रयोग, कारण तिथल्या सरकारी शाळांची स्थिती आपल्याला ओळखीची वाटेल. नॉर्थ वेस्ट प्रांतात पहिली-दुसरीच्या मुलांना त्यांच्या मातृभाषेत, सेत्स्वाना भाषेत, वाचायला शिकवण्यासाठी शाळांचे वेगवेगळे गट केले, त्यातले दोन इथे बघू. दोन्ही गटांना तेच पाठ आराखडे, तीच वाचनाची पुस्तकं. पहिल्या ५० शाळांच्या शिक्षकांना एकत्र बोलावून ट्रेनिंग दिलं, जसं आपण हॉलमध्ये देतो. दुसऱ्या ५० शाळांत कोच वर्गात जाऊन बसायचे आणि शिक्षकांशी बोलायचे. तुलनेसाठी ८० शाळा तशाच ठेवल्या. दोन वर्षांनंतर कोच जात होते तिथल्या मुलांची प्रगती हॉलमधल्या ट्रेनिंगच्या गटापेक्षा साधारण दुप्पट दिसली. साहित्य तेच, मजकूर तोच, फरक फक्त कोणीतरी वर्गात येत होतं ह्याचा.

पुढे त्यांनी दुसऱ्या प्रांतात, म्पुमलांगात, इंग्रजी दुसरी भाषा म्हणून शिकवण्यासाठी असंही करून बघितलं की कोच प्रत्यक्ष न जाता टॅबलेट आणि फोनवरून मदत करेल. पहिल्या वर्षी दोन्ही सारखंच दिसलं, सगळ्यांना वाटलं असेल स्वस्तात काम झालं. तीन वर्षांनी बघितलं तर प्रत्यक्ष जाणाऱ्या कोचचा फायदा स्पष्ट पुढे होता आणि फोनवरच्या कोचिंगमध्ये इंग्रजी वाचनात फरक दिसला नाही. हे आपल्यासाठी महत्त्वाचं आहे कारण आपल्याकडे सध्या सगळं मोबाइलवर ढकलायची घाई आहे. ग्रुपवर व्हिडिओ टाकला, शिक्षकांनी थम्स अप दिला, वर्गाचा फोटो टाकला, झालं. व्हिडिओ वाईट नसतात, मी स्वतः वापरतो, पण त्या मुलाची वही व्हिडिओत दिसत नाही.

बाहेरच्या देशांत हे काम एक स्वतंत्र पेशा म्हणून मानायला सुरुवात केव्हाच झालीये. इस्रायलमध्ये मोफेत नावाची संस्था १९८३ पासून आहे, तिचा मुख्य विषयच शिक्षक घडवणाऱ्यांचं शिक्षण. नेदरलँड्समध्ये शिक्षक-प्रशिक्षकांची स्वतःची संघटना आहे, तिने ह्या कामासाठी व्यावसायिक मानकं बनवली आणि त्यांच्यावर स्वतःचं काम तपासून नोंदणी करायची सोय केली. आपण लगेच नोंदणी वगैरे करावी असं मी म्हणत नाही, आपल्याकडे नोंदणी म्हटलं की अजून एक फॉर्म होईल. पण काम वेगळं आहे, त्याचं ज्ञान वेगळं आहे, हे मान्य करणं तरी व्हायला हवं. आणि मुंबईत तर ह्यासाठी लांब जायचीही गरज नाही, हार्बर लाइनवर लागोपाठच्या दोन स्टेशनांवर हे ज्ञान आहे. गोवंडीला उतरून देवनारला गेलात की टिसमध्ये, म्हणजे टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत, शिक्षक-शिक्षणावर काम करणारं केंद्र आहे, मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे, १९७४ पासूनचं, मुलं गणित-विज्ञानात कसा विचार करतात, कुठे अडकतात ह्यावर तिथे वर्षानुवर्षं काम झालंय. त्याच स्टेशनांच्या आजूबाजूला, चालत जायच्या अंतरावर महापालिकेच्या शाळा आहेत. ह्या दोन गोष्टींमधलं अंतर आहे त्यापेक्षा खूप कमी असायला हवं.

मुंबईच्या काही अडचणी मात्र मुंबईच्याच आहेत. पहिली भाषेची. महापालिकेच्या शाळा आठ माध्यमांत चालतात, मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, इंग्रजी, तमिळ, तेलुगू आणि कन्नड. मराठी मेंटॉर उर्दूच्या वर्गात जाऊन बसली तर फळा वाचता येत नाही. पण कोणाला प्रश्न विचारले जातात, मागच्या रांगेतल्या मुली किती वेळा बोलल्या, मुलांच्या हाताला काम किती होतं, हे सगळं दिसतं आणि ते नोंदवता येतं. गणितात तर बरंच पुढे जाता येतं. वाचन शिकवण्याचा तास असेल तर मात्र भाषा येणारा माणूस हवाच, तिथे उगाच आव आणू नये, त्या माध्यमातल्या एखाद्या अनुभवी टीचरना बरोबर घेऊन जायचं, बघता बघता त्याही मेंटॉर म्हणून तयार होतात.

दुसरी अडचण वेळेची. एकाच इमारतीत सकाळ आणि दुपार अशी दोन अधिवेशनं भरत असतील तर तास संपल्या संपल्या वर्ग रिकामा करायचा असतो, टीचरना कल्याण नाहीतर विरार गाठायचं असतं, आणि मग फीडबॅकचं बोलणं जिन्यात उभ्याउभ्या होतं. जिन्यात उभं राहून वही बघता येत नाही. म्हणून भेट ठरवतानाच ऑफ तासाच्या आधीचा तास मागून घ्यावा, म्हणजे लगेच पंधरा मिनिटं शांतपणे बसता येतं, आणि त्या पंधरा मिनिटांत एकच गोष्ट धरावी. सात सूचना दिल्या तर एकही होत नाही.

तिसरी अडचण सगळ्यात नाजूक आहे. जो माणूस तपासणी करतो तोच मदत करायला येतो. टीचरच्या दृष्टीने साहेब वर्गात आले म्हणजे आले, हातात पेन दिसलं की आवाज बदलतो, मुलं हाताची घडी घालून बसतात, नेहमीचा वर्ग दिसतच नाही. माझ्या मते ह्यावर पूर्ण उपाय म्हणजे ही दोन कामं दोन वेगळ्या माणसांकडे देणं. ते होईपर्यंत निदान दोन भेटी वेगळ्या ठेवाव्यात आणि आधीच सांगावं की आजची भेट कुठली आहे. मदतीच्या भेटीत जे लिहिलं त्याचा कागद टीचरकडेच ठेवून यायचं, फाइलला लावायचा नाही. आणि एकदा असं सांगितलं की मोडायचं नाही, कारण एका टीचरच्या बाबतीत मोडलं की संध्याकाळपर्यंत ते सगळ्या बीटला कळलेलं असतं, आणि कळायलाच हवं.

आपल्याकडे एक चांगली जागा आयती आहे, शिक्षण परिषद. एका केंद्रातले, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या गटातले, शिक्षक महिन्यातून एकदा एकत्र बसतात. बऱ्याच ठिकाणी ती सूचना वाचून दाखवण्यात जाते. तिथे एक तास फक्त वह्यांसाठी काढला, प्रत्येकाने आपल्या वर्गातल्या दोन-तीन वह्यांचे फोटो आणले, नावं झाकून, आणि ह्या मुलाने असं का केलं असेल एवढंच बोललं, तर शिक्षकही शिकतात आणि ती चर्चा चालवणारा माणूस त्याहून जास्त शिकतो. जपानमध्ये शिक्षक मिळून एक पाठ तयार करतात, एक जण तो घेतो, बाकीचे बघतात आणि मग चर्चा होते, शेवटी बाहेरून बोलावलेला जाणकार त्यावर बोलतो. ही पद्धत तिथे शंभर वर्षांहून जुनी आहे. असे अनेक पाठ बघून बघून त्या जाणकाराचीही नजर तयार होत जाते, हा फायदा मला फार मोलाचा वाटतो.

मेंटॉर लोकांचाही असाच छोटा गट हवा, पाच-सहा जणांचा, त्याहून मोठा नको. महिन्यातून एकदा बसायचं, एकाने आपलं रेकॉर्डिंग आणायचं, पाच मिनिटांचा तुकडा, अख्खं नाही, टीचरना विचारून आणि कोणाचं नाव न येऊ देता, आणि बाकीच्यांनी सांगायचं की कुठल्या क्षणी तुम्ही वेगळं काही विचारलं असतं. मग तो प्रसंग परत खेळून बघायचा, एकाने टीचर व्हायचं, एकाने मेंटॉर, अगदी खरं वाक्य तोंडाने बोलून. "मी त्यांना विचार करायला लावीन" असं म्हणून चालत नाही, नेमकं काय बोलाल ते बोला. हे करताना सुरुवातीला सगळे हसतात, लाजतात, पण हाच सराव खरा उपयोगी पडतो कारण पुढच्या शाळेत तोंडातून तेच वाक्य निघतं.

मुख्याध्यापकांना आणि संस्थाचालकांना एक विनंती. तुमच्या शाळेत कोऑर्डिनेटर किंवा सुपरवायझर असेल तर त्यांच्या टाइमटेबलमध्ये बघा की टीचरशी बसून बोलायचा वेळ कुठे आहे, बहुतेक वेळा नसतोच, प्रॉक्सी लावणं, पेपर तपासणं, पालकांचे फोन ह्यात दिवस जातो. त्यांना आठवड्यात दोन तास वर्ग बघायला आणि दोन तास बोलायला द्या, आणि महिन्यातून अर्धा दिवस दुसऱ्या शाळेतल्या कोऑर्डिनेटरबरोबर बसायला सोडा. हे सगळं जूनमध्ये टाइमटेबल बनतं तेव्हाच लिहून घ्यावं लागतं. एकदा गणपतीची सुट्टी आणि सहामाही जवळ आली की कोणाकडेच मोकळा तास उरत नाही.